भाड्याने राहताय आणि शेजाऱ्यांचा त्रास होतोय? मग हे या क्रमाने करा

भाडेकरूचं शेजाऱ्याशी बिनसलं की त्याची जागा जरा अडचणीचीच असते. करार घरमालकाशी, त्रास भिंतीपलीकडच्या माणसाचा, आणि त्या माणसाशी कागदोपत्री तुमचा काहीएक संबंध नाही. मालक तिथे राहत नाही म्हणून त्याला ऐकू येत नाही, कमिटी म्हणते तुमच्या मालकाला बोलायला सांगा, आणि शेजारी मनात म्हणतो हे काय वर्षभराने जाणारच आहेत. त्यामुळे पहिल्यांदा भाड्याने राहणारे लोक एकतर सहा महिने गप्प सहन करतात किंवा एका रात्री जाऊन दार बडवतात, आणि दोन्हीने प्रश्न सुटत नाही.

मला या सगळ्यात सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट आधीच सांगतो. शेजाऱ्याकडे एक छोटी, नेमकी, त्याला लगेच करता येईल अशी गोष्ट मागायची. "आवाज करू नका" यात समोरच्याने नक्की काय करायचं ते कळतच नाही. "रात्री अकरानंतर वॉशिंग मशीन लावू नका" हे कळतं, करता येतं, आणि केलं की नाही हेही दोघांना दिसतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका नेमक्या मागणीपर्यंत पोचण्यासाठी आणि ती मान्य नाही झाली तर पुढे काय, यासाठी आहेत.

पायरी १: त्रास नक्की कुठून येतोय ते शोधा

ही पायरी लोक सोडून देतात आणि चुकीच्या दारावर जाऊन भांडतात. वरून आवाज आला म्हणजे वरचेच करतायत असं आपण धरून चालतो. पण ठोकल्याचा, पावलांचा, पंपाचा आवाज स्लॅब, कॉलम आणि पाइपांमधून फिरतो, त्यामुळे दोन मजले वरचा किंवा बाजूच्या फ्लॅटमधला दणकासुद्धा बरोब्बर तुमच्या डोक्यावर वाजल्यासारखा वाटू शकतो. दोन-तीन वेगळ्या वेळी वेगवेगळ्या खोल्यांत उभं राहून ऐका, जिन्यात जाऊन ऐका, खालच्या किंवा बाजूच्या कोणाला विचारा की तुम्हालाही येतो का. कधीकधी लिफ्टची मोटर निघते आणि मग विषय शेजाऱ्याचा राहतच नाही.

आवाजाचे ढोबळ दोन प्रकार असतात आणि दोघांचा उपाय वेगळा. बोलणं, टीव्ही, गाणी हा हवेतून येणारा आवाज. तो दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या चौकटीतून, पाइपाभोवतीच्या भोकांतून आत येतो, म्हणजे जिथून हवा येते तिथून आवाजही येतो आणि फटी बुजवल्या की थोडा तरी कमी होतो. दुसरा धक्क्याचा आवाज, म्हणजे टाचा आपटत चालणं, खुर्ची ओढणं, वस्तू पडणं, घरातल्या घरात केलेला व्यायाम. हा बांधकामातूनच येतो त्यामुळे तुमच्या बाजूने काहीही केलं तरी फारसा फरक पडत नाही, तो जिथे सुरू होतो तिथेच अडवावा लागतो: खुर्चीच्या पायांना फेल्टचे तुकडे, जमिनीवर जाड गालिचा, मशीनखाली रबरी मॅट. तुमच्याकडे मागायला नेमकी गोष्ट येते ती इथूनच. स्पीकरचा बास हा तिसराच त्रास, कमी फ्रिक्वेन्सीचा आवाज भिंती फार कमी अडवतात, म्हणून शेजाऱ्याला "आवाज बारीक करा" म्हणण्यापेक्षा "बास कमी करा आणि स्पीकर भिंतीला किंवा जमिनीला टेकवून ठेवू नका" म्हटलं तर त्याला गाणी ऐकता येतात आणि तुम्हाला झोपता येतं.

(एक गोष्ट इथेच सांगून टाकतो कारण लोक यावर पैसे घालवतात. भिंतीला चिकटवायचे फोमचे तुकडे खोलीतला घुमणारा आवाज कमी करतात, पलीकडून येणारा आवाज ते अडवत नाहीत. त्यासाठी जड, भरीव थर लागतो आणि तो भाड्याच्या घरात मालकाला विचारल्याशिवाय लावता येत नाही.)

गळतीचंही तसंच आहे. छताला ओल दिसली की वरच्यांवर ओरडण्याआधी ओल कधी वाढते ते बघा. सतत, दिवसरात्र एकसारखी झिरपत असेल तर बहुतेक दाबाने पाणी नेणारा पुरवठ्याचा पाइप फुटलाय. वरच्यांनी अंघोळ केली की मगच वाढत असेल तर निचऱ्याचा पाइप किंवा बाथरूमच्या फरशीचे सांधे. आणि पाऊस पडल्यावरच दिसत असेल तर वरच्यांचा काही संबंधच नसेल, बाहेरची भिंत किंवा गच्ची असेल. वरचे सहकार्य करणारे असतील तर त्यांना घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर बघायला सांगा, नळ बंद असतानाही काटा फिरत असेल तर गळती त्यांच्या लाइनवर आहे. ओल दिव्याच्या किंवा स्विचच्या जवळ असेल तर आधी तिथला वीजपुरवठा बंद करा, बाकीचं नंतर.

धूर, वास यांचं मूळ शोधायला सोपं असतं. गरम हवा वर जाते, म्हणून खालच्या मजल्यावरचा सिगरेटचा धूर तुमच्या खिडकीतून किंवा बाथरूमच्या डक्टमधून वर येतो. इथे मागणी "ओढू नका" अशी केली तर भांडण होणारच, "त्या खिडकीऐवजी दुसऱ्या बाजूच्या बाल्कनीत जाल का" अशी केली तर बरेच लोक ऐकतात.

पायरी २: हे खरंच जास्त आहे का, हे स्वतःला विचारा

हे वाचून राग येईल, पण विचारायलाच लागतं. एकदा एखाद्या आवाजाचा धसका बसला की आपण त्याची वाटच बघत बसतो आणि मग साधं कपाट बंद केल्याचा आवाजसुद्धा मुद्दाम केल्यासारखा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपेच्या खोलीत सतत चालणारा आवाज ३० डेसिबलच्या आत आणि मध्येच होणारा एखादा आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा असं म्हटलंय, म्हणजे झोपेसाठी शांतता हवी ही तुमची अपेक्षा नाजूकपणा वगैरे अजिबात नाही. फोनमधल्या डेसिबल अ‍ॅपचे आकडे मात्र पुरावा म्हणून फार धरू नका, फोनचा माइक त्यासाठी कॅलिब्रेट केलेला नसतो. त्याच फोनने त्याच जागेवरून आधीचं आणि नंतरचं मोजून तुलना करायला ठीक आहे. साधारण १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो एवढं लक्षात ठेवा.

आता कायदा याकडे कसा बघतो त्याचं एक उदाहरण, इंग्लंडचं आहे आणि तुमच्याकडचा कायदा वेगळा असू शकतो, पण विचार समजून घेण्यासारखा आहे. १९९९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे (तेव्हाचं तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट) लंडनमधल्या भाडेकरूंची दोन प्रकरणं एकत्र आली, साउदर्क विरुद्ध मिल्स आणि बॅक्स्टर विरुद्ध कॅम्डेन (साउदर्क आणि कॅम्डेन या तिथल्या नगरपालिका, म्हणजे या भाडेकरूंच्या घरमालक). त्या इमारतींत साउंडप्रूफिंग जवळजवळ नव्हतंच, शेजाऱ्यांच्या रोजच्या जगण्याचा सगळा आवाज आरपार ऐकू यायचा. त्रास खरा होता हे कोणी नाकारलं नाही. तरी भाडेकरू हरले, कारण शेजारी फक्त साधं रोजचं जगत होते, आणि घर ज्या अवस्थेत भाड्याने घेतलं त्याच अवस्थेत ते होतं. म्हणजे बाळाचं रडणं, दिवसा चालणं-फिरणं, पहाटे कामावर जाणाऱ्याची आवराआवर, हे सगळं भिंतीचं दुखणं आहे, माणसाचं नाही. तिथे तुम्ही तक्रार घेऊन गेलात तर हात हलवत परत याल, विनंती घेऊन गेलात तर काहीतरी मिळेल.

पायरी ३: अ‍ॅग्रीमेंट आणि बिल्डिंगचे नियम वाचा

पटकन होण्यासारखं काम आहे. शांततेच्या वेळा, पाळीव प्राणी, पार्किंग, पाहुणे, रिनोव्हेशनचे तास, कचरा कुठे ठेवायचा, हे कुठे लिहिलंय का ते बघा. नियम दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतो. शेजारी तुम्हाला म्हणाला की इथे रात्री पाहुणे आलेले चालत नाहीत, तर आवाज न चढवता एवढंच विचारायचं, "हा नियम कुठे लिहिलाय ते मला दाखवाल का, म्हणजे मी मालकांशी बोलतो." बऱ्याचदा तो नियम नसतो, त्या शेजाऱ्याची आवड असते.

आणि "आम्ही इतकी वर्षं इथे राहतोय" याने दबून जाऊ नका. इंग्लंडमध्येच १८७९ चा स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन नावाचा प्रसिद्ध निकाल आहे. एक मिठाईवाला वीस वर्षांहून जास्त काळ मोठे खल वापरत होता, शेजारच्या डॉक्टरने नंतर त्या बाजूला तपासणीची खोली बांधली आणि मग त्याला आवाजाचा त्रास व्हायला लागला, तरी कोर्टाने डॉक्टरचं म्हणणं मान्य केलं. आधी आला म्हणून त्रास द्यायचा हक्क आपोआप मिळत नाही.

पायरी ४: नोंद ठेवायला लागा, पण कंटाळवाणी

वही किंवा फोन काहीही चालेल. तारीख, सुरू कधी झालं, थांबलं कधी, काय होतं, कोणत्या खोलीत ऐकू आलं, त्याने काय झालं (झोपमोड, कॉल बंद करावा लागला), आणि तुम्ही काय केलं. बस. "नेहमीप्रमाणे माजोरडेपणा" वगैरे लिहू नका, कारण ही नोंद उद्या मालक, कमिटी, कदाचित कोर्ट वाचेल आणि विशेषणं दिसली की वाचणाऱ्याला वाटतं हे वैयक्तिक भांडण आहे. ज्या दिवशी काही झालं नाही तेही लिहिलंत तर नोंद जास्त विश्वासार्ह वाटते.

रेकॉर्डिंग करायचं तर स्वतःच्या घरात बसून, तुमच्याकडे जेवढं येतं तेवढंच. दुसऱ्याच्या दारावर किंवा खिडकीवर कॅमेरा रोखून ठेवायचा नाही, जिन्यातलं बोलणं चोरून रेकॉर्ड करायचं नाही, त्याचे कायदे ठिकठिकाणी वेगळे आहेत आणि तक्रार उलटून तुमच्यावर येऊ शकते.

पायरी ५: जाऊन बोला, आणि लवकर बोला

राग साठायच्या आधी बोलणं सगळ्यात सोपं असतं. बऱ्याच शेजाऱ्यांना खाली काय ऐकू जातं याचा पत्ताच नसतो, कारण त्यांच्या बाजूने तो आवाज फार लहान असतो.

आवाज चालू असताना, मध्यरात्री, घरच्या कपड्यांत, झोप उडालेल्या चेहऱ्याने जाऊ नका. दुसऱ्या दिवशी उजेडी जा, समोरचा कामावर निघायच्या घाईत नसेल तेव्हा. आधी नाव सांगा, कुठल्या फ्लॅटमध्ये राहता ते सांगा. ते काय करतात यावर बोलायचंच नाही, तुमच्याकडे काय पोचतं तेवढंच बोलायचं. म्हणजे असं:

"नमस्कार, मी खालच्या फ्लॅटमध्ये नवीन आलोय. एक छोटी गोष्ट विचारायची होती. तुमच्याकडे काय असतं ते मला माहीत नाही, पण साडेअकराच्या सुमारास माझ्या बेडरूममध्ये काहीतरी ओढल्याचा आवाज येतो आणि मला सकाळी लवकर उठायचं असतं. खुर्ची असेल तर तिच्या पायांना फेल्ट लावाल का? हवं तर मी आणून देतो. आणि माझ्याकडून तुम्हाला काही त्रास होत असेल तर तेही सांगा."

शेवटचं वाक्य गाळू नका. त्याने समोरच्याला आपण आरोपी आहोत असं वाटत नाही, आणि खरंच तुमच्याकडून काही होत असेल तर तेही कळतं. ते म्हणाले की असं काही होतच नाही, तर वाद न घालता म्हणा, "एकदा खाली येऊन ऐकाल का, घरातल्या कोणाला तरी नेहमीसारखं चालायला सांगून." स्वतःच्या कानाने ऐकलेला माणूस बदलतो. हे जमलं तर फोन नंबरही घ्या, पुढच्या वेळी एक साधा मेसेज पुरतो. वयाने मोठे असतील तर काका-काकू म्हणून बोललात तर चालतं पण मुद्दा मऊ करू नका, मागणी नेमकीच ठेवा.

बिल्डिंगच्या ग्रुपवर पहिला मेसेज टाकायचा नाही, कधीच नाही. चारचौघांत नाव निघालं की माणूस आवाज कमी करण्यापेक्षा आपली बाजू लढवत बसतो, आणि गटबाजीत भाडेकरूच्या बाजूने फार कमी लोक उभे राहतात. समोरासमोर बोलायची भीती वाटत असेल तर चिठ्ठी लिहा, पण खाली नाव आणि फ्लॅट नंबर टाका. निनावी चिठ्ठी आली की समोरचा सगळ्या बिल्डिंगवर संशय घेतो.

आणि बदला घ्यायचा नाही. छताला काठीने ठोकणं, मुद्दाम मोठ्याने गाणी लावणं, यात क्षणभर बरं वाटतं पण तुमची बाजू संपते. इंग्लंडमधलाच १८९३ चा ख्रिस्टी विरुद्ध डेव्ही हा निकाल मला इथे सगळ्यात बोलका वाटतो. एका भिंतीने जोडलेली दोन घरं, एकात संगीताचे क्लास चालायचे, शेजाऱ्याला त्याचा वैताग आला म्हणून तो भिंतीवर ठोकायला, ट्रे बडवायला, शिट्ट्या मारायला, किंचाळायला लागला. कोर्टाने थांबवलं ते या वैतागलेल्या शेजाऱ्याला, क्लासवाल्यांना नाही, कारण त्याचा आवाज मुद्दाम त्रास द्यायला केलेला होता.

पायरी ६: मालकाला लेखी कळवा

एक-दोनदा बोलून फरक नाही पडला की आता मालक. गळती असेल तर मात्र थांबायचंच नाही, पहिल्याच दिवशी फोटोसकट मालकाला कळवा, कारण उशिरा सांगितलं म्हणून नुकसान वाढलं असं म्हणत डिपॉझिटमधून पैसे कापले जाऊ शकतात.

फोनवर बोला पण नंतर त्याच दिवशी ईमेल किंवा मेसेज टाका. त्यात काय होतंय, कधीपासून, तुम्ही शेजाऱ्याशी कधी बोललात, त्यांनी काय सांगितलं, आणि मालकाने काय करावं असं तुम्हाला वाटतं, हे सगळं चार-पाच ओळींत. इथेही नेमकीच मागणी. "काहीतरी करा" असं लिहिलं तर उत्तर येतं "बघतो". "या महिनाअखेरीपर्यंत कमिटीला पत्र द्याल का, मी मसुदा पाठवतो" असं लिहिलं तर हो किंवा नाही उत्तर द्यावं लागतं.

मालकाच्या हातात किती आहे हेही समजून घ्या. त्रास देणारा शेजारी त्याच मालकाचा भाडेकरू असेल तर मालकाकडे त्याचं अ‍ॅग्रीमेंट आहे, म्हणजे जोर आहे. शेजारी स्वतःच्या मालकीच्या घरात राहत असेल तर मालक फक्त कमिटी किंवा मॅनेजरकडे विषय नेऊ शकतो, पण मालक म्हणून त्याच्या शब्दाला तिथे तुमच्यापेक्षा वजन असतं, म्हणून ते पत्र त्याच्याच नावाने गेलेलं बरं.

एक काम अजिबात करू नका: रागाने भाडं थांबवणं. आतापर्यंत तक्रार तुमची होती, भाडं थांबवलं की करार मोडणारे तुम्ही होता आणि मालकाला घर खाली करून घ्यायला आयतं कारण मिळतं. तुमच्याकडे कायद्याने भाडं कमी करून मागायची सोय असेल तर आधी वकिलाला किंवा भाडेकरूंना मदत करणाऱ्या संस्थेला विचारा, मग पाऊल टाका.

पायरी ७: मधला माणूस

कमिटीतला समजूतदार कोणी, दोघांना ओळखणारा एखादा रहिवासी, किंवा तुमच्या भागात मध्यस्थीची सेवा असेल तर ती. मध्यस्थाने कोण बरोबर हे ठरवायचं नसतं, दोघांकडून एकेक करता येणारी गोष्ट काढून घ्यायची असते. ठरलेलं कागदावर दोन ओळींत लिहून दोघांकडे ठेवा. पार्किंग, कुत्र्याचं भुंकणं, मुलांच्या खेळण्याच्या वेळा, यांत हा उपाय चांगला चालतो. जिन्यात किंवा पॅसेजमध्ये सामान रचून वाट अडवली असेल तर तिथे वाटाघाटी कसल्या, आग लागल्यावर सगळ्यांनी त्याच वाटेने बाहेर पडायचं असतं, थेट मॅनेजमेंटला लेखी कळवा.

या पायऱ्या कधी सोडून द्यायच्या

धमकी, अंगावर येणं, पाठलाग, दाराशी किंवा सामानाशी छेडछाड, जात-धर्म-भाषा-कपडे यांवरून शिवीगाळ, एकट्या राहणाऱ्या बाईवर नजर ठेवणं, यातलं काहीही असेल तर एकट्याने समजवायला जाऊ नका. हा शेजारधर्माचा विषय उरलेला नसतो. सुरक्षित जागी जा, पोलिसांना कळवा, तक्रारीची पोच घ्या, मालकाला त्याच दिवशी लेखी सांगा, आणि विश्वासातल्या कोणाला तरी सगळं माहीत असू द्या.

तसंच, पलीकडून रोज येणारा आवाज मारहाणीचा, कोणीतरी मदत मागत असल्याचा वाटत असेल तर ती आवाजाची तक्रार म्हणून नोंदवू नका. मदतीसाठी तिथल्या इमर्जन्सी नंबरवर फोन करा. चुकीचा अंदाज निघाला तरी चालेल.

तक्रार तुमच्याबद्दल आली तर

ऐकून घ्या, नक्की काय आणि किती वाजता ते विचारा, लगेच सफाई देऊ नका. करता येण्यासारखं असेल ते करा आणि दोन आठवड्यांनी स्वतःहून विचारा की आता बरं आहे का. मागणी अवास्तव असेल तर नम्रपणे नाही म्हणा आणि मालकाला तुमची बाजू आधी तुमच्याकडून कळू द्या.

काहीच नाही झालं तर

घर सोडणं म्हणजे हार मानणं असं मला वाटत नाही. झोप मोडून तब्येत बिघडत असेल तर ते घर महागच पडतंय. पण भडकून सोडू नका. लॉक-इन (करारातली घर न सोडण्याची मुदत) कधी संपतो, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट परत कधी मिळायचं, हे आधी बघा. तुमची नोंद आणि मालकाला पाठवलेले मेसेज इथे कामाला येतात, ते दाखवून मालकाला विचारता येतं की ठरलेल्या मुदतीआधी, दंड न लावता सोडू द्याल का, किंवा त्याचं दुसरं घर रिकामं असेल तर तिकडे जाऊ का. हो म्हणाला तर ते लेखी घ्या.

आणि पुढचं घर बघताना एकदा दिवसा आणि एकदा रात्री उशिरा जा. बेडरूममध्ये पाच मिनिटं काही न बोलता उभे राहा, एजंटलाही गप्प बसायला सांगा. भिंतीपलीकडे काय आहे ते विचारा, लिफ्टचा डक्ट, जिना, पंप, की दुसऱ्याचं बाथरूम. छताच्या कोपऱ्यांत नवीन रंगाचे ठिगळ दिसतात का बघा. आधीचे भाडेकरू का गेले ते मालकाला विचारा, आणि जमलं तर समोरच्या दाराची बेल वाजवून तेच त्यांनाही विचारा.